व्याजाचे गणित कोणाच्या हाती? महाराष्ट्रातील प्रौढांच्या हिशेबशिक्षणाचा इतिहास

१/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे हे बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथे एकत्र आले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी एकच मागणी केली : आमच्या वह्या आणि आमची खते बाहेर काढा. हाती आलेली खते त्यांनी जाळली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरांनाही आग लागली.

२/
पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. इतिहासग्रंथांत याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. या उठावात एक गोष्ट लक्षवेधी आहे. रोष माणसापेक्षा कागदावर अधिक होता. सावकाराने खते मुकाट्याने दिली तर जमाव सहसा पुढे जात नसे. मग त्या कागदात असे काय लिहिले होते? त्यात एक हिशेब होता. तो हिशेब मोठ्या माणसांना शिकवण्याच्या प्रयत्नांचा हा इतिहास आहे.

३/
आधी पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, त्यामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास फेरआकारणी होऊन अनेक तालुक्यांत जमीनमहसूल मोठ्या प्रमाणात वाढला. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या बाकीचा तगादा सुरू केला.

४/
यात कायद्याचाही भाग होता. १८५५ मध्ये सरकारने व्याजदरावरील जुने निर्बंध उठवले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरली. व्याज साचत राहू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात उलटे घडले. दर तीन वर्षांनी सावकार जुने खत रद्द करून नवे लिहून घेई. त्या नव्या खतात मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज 'मुद्दल' म्हणून मांडली जाई.

५/
हा प्रकार आकड्यांत पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण रीत तीच. कर्ज १०० रुपये, व्याज दरमहा शेकडा दोन, परतफेड काहीच नाही.
तीन वर्षांनी : १०० + ७२ = १७२ रुपये. नवे खत १७२ चे.
सहा वर्षांनी : सुमारे २९६ रुपये. नवे खत २९६ चे.
नऊ वर्षांनी : सुमारे ५०९ रुपये.
हेच व्याज मूळ १०० रुपयांवर सरळ धरले असते, तर नऊ वर्षांनी ३१६ रुपये झाले असते.

६/
आपल्याकडे 'दामदुपटी'चा जुना नियम होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. म्हणजे १०० रुपयांच्या कर्जाची कमाल मर्यादा २०० रुपये. परंतु नवे खत झाले की मुद्दलच १७२ होई आणि मर्यादा आपोआप ३४४ वर जाई. नियम मोडावा लागत नसे. एक शब्द बदलला की पुरे.

७/
येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निरक्षर शेतकऱ्याला गणित येत नव्हते, असे मुळीच नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. ही सारी मापे त्याच्या जिभेवर असत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक मराठीच्या रोजच्या बोलण्यातच रुजलेले आहेत. बाजारात बसणारी बाई सव्वा आणे शेराने अडीच शेरांचे पैसे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सांगे.

८/
ज्यांना पंतोजींच्या शाळेत जायला मिळे, ते पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. शाळेत न गेलेला माणूस तेच अपूर्णांक व्यवहारातून उचले. तोंडी हिशेबाच्या बाबतीत हा समाज दुबळा नव्हता.

९/
दुबळेपणा होता तो दुसऱ्या जागी. धान्याची पायली डोळ्यांसमोर भरली जाते. चुकली तर लगेच दिसते. चक्रवाढ मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती कागदावर वाढते, आणि कागद होता मोडी लिपीत, सावकाराच्या वहीत, त्याच्याच हस्ताक्षरात. शेतकऱ्याचा त्यात वाटा एवढाच की खाली त्याची निशाणी असे. ज्याला पायलीतली मूठभर घट कळत होती, त्याला खतातले शेकडो रुपये तपासता येत नव्हते.

१०/
दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. न्यायालयाने केवळ शेवटचे खत न पाहता व्यवहाराचा आरंभापासून हिशेब तपासावा, खते गावच्या निबंधकासमोर लिहिली जावीत, शेतकऱ्याला भरण्याची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा आणि मागितल्यास पासबुक मिळावे, अशा तरतुदी त्यात होत्या.

११/
कायदा मोलाचा होता. पण नीट पाहिले तर त्याने शेतकऱ्याच्या हाती काय दिले? पावती, वार्षिक हिशेब, पासबुक. म्हणजे आणखी कागद! ज्याला आकडे वाचता येत नाहीत, त्याला पासबुक मिळाले तरी ते वाचून घेण्यासाठी तो कोणाच्या तरी दारात उभाच राहणार. हक्क कायद्याने मिळतो. तो वापरण्याचे बळ शिक्षणाने येते. हे दंग्यांच्या वीस वर्षे आधी एका माणसाने ओळखले होते.

१२/
१८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली. व्याजावरचे निर्बंध उठले तेच हे वर्ष. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शाळा शक्य नाही, म्हणून शाळाच रात्री भरवायची, हा विचार आज साधा वाटतो. त्या काळी शाळा म्हणजे मुलांची, आणि तीही ठरावीक घरांतील मुलांची, अशीच समजूत होती.

१३/
१९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात काय असावे, याची यादी दिली. मोडी आणि बाळबोध अशा दोन्ही लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाचे प्राथमिक ज्ञान, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. यातील 'मोडी' आणि 'हिशेब' हे शब्द शेजारी ठेवून वाचावेत. बाळबोधीत पुस्तके छापली जात, पण खते मोडीत लिहिली जात. मोडी येत नसेल तर पुस्तक वाचणाराही आपलेच खत वाचू शकत नव्हता.

१४/
पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि प्रौढशिक्षणाला सरकारी पाठबळ मिळू लागले. स्वातंत्र्यानंतर हे काम 'समाजशिक्षण' या व्यापक नावाने चालू राहिले. आणि मग एक विलक्षण घटना घडली. एका दिवसात साऱ्या देशाला, शिकलेल्या आणि न शिकलेल्या सर्वांना, व्यवहारी गणिताच्या पहिल्या इयत्तेत बसावे लागले.

१५/
तो दिवस १ एप्रिल १९५७. रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. जुनी नाणीही काही काळ चालू राहिली, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालणे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पण सव्वासहाचे नाणे नव्हते. म्हणून अधिकृत कोष्टक असे : एक आणा = ६, दोन आणे = १२, तीन आणे = १९, चार आणे = २५.

१६/
आता गंमत पाहा. एक आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेऊन नव्या नाण्यांत पैसे दिले, तर २४ नये पैसे जातात. तीच चार एकदम घेतली, तर २५ जातात. एका पैशाचा हा फरक कोणाच्या खिशात गेला? पूर्णांकात आणण्याचा हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला राहिला नाही. वाण्याच्या दुकानात, बसच्या तिकिटाशी, दुधाच्या रतिबाशी त्याची गाठ पडू लागली.

१७/
पाठोपाठ वजने बदलली. १९५६ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत दशमान वजने येऊ लागली आणि एप्रिल १९६२ पासून ती देशभर बंधनकारक झाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याच्याहून थोडा मोठा, म्हणून शेराचा भाव किलोला तसाच लावता येईना. अच्छेर, पावशेर, नवटाक यांच्या जागी ग्रॅम आले.

१८/
दशमान पद्धत निःसंशय सोपी. दहाने गुणायचे, दहाने भागायचे. पण सोपेपणा नव्याने शिकणाऱ्यासाठी असतो. ज्या आजीने चाळीस वर्षे पावकी-दिडकीच्या बळावर एका पैचीही फसवणूक होऊ दिली नाही, तिचे सारे भांडवल या बदलात एकाएकी जुने नाणे ठरले. कालपर्यंत हिशेबात तरबेज असलेली माणसे आज दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू लागली.

१९/
याच वर्षांत महाराष्ट्रात ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेले तरुण मोबदल्याविना वर्ग घेत. संपूर्ण गाव साक्षर झाले की 'ग्रामगौरव समारंभ' होई. साक्षरता ही एकट्या माणसाची बाब न राहता गावाच्या प्रतिष्ठेची बाब व्हावी, हे त्यामागचे सूत्र.

२०/
२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि मे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. या अभियानाने 'साक्षर' कोणाला म्हणावे याचे निकष ठरवले आणि त्यात अंकज्ञानाचे निकष स्वतंत्र दिले. १ ते १०० अंक वाचणे-लिहिणे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी संख्यांनी गुणाकार-भागाकार, वजन, माप, चलन, अंतर, क्षेत्रफळ आणि वेळ यांचा वापर, आणि प्रमाण व व्याज यांची स्थूल कल्पना.

२१/
सुप्याच्या जाळलेल्या खतांतील 'व्याज' अखेर ११३ वर्षांनी अभ्यासक्रमात आले! मात्र या निकषांत एक अट होती : हे सारे अपूर्णांकांविना. नवशिक्याला अवघड वाटू नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही पाव-पाऊण-सव्वा-दीड ज्यांच्या बोलीतच आहेत, त्या माणसांच्या वर्गातून अपूर्णांकच वगळले जावेत, हा इतिहासाचा चमत्कारिक फेरा आहे.

२२/
कारण प्रौढ विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याला 'वार्षिक २४ टक्के' कळत नसेल, पण 'दरमहा शेकडा दोन' बरोबर कळते. दोन्ही एकच. पहिली भाषा बँकेची, दुसरी गावाची. जो शिक्षक गावच्या भाषेपासून आरंभ करतो, त्याला बारा महिन्यांचा गुणाकार दाखवला की पुरते. जो टक्केवारीच्या व्याख्येपासून आरंभ करतो, त्याच्यासमोरचा पन्नाशीचा माणूस पहिल्याच दिवशी ठरवतो की हे आपले काम नव्हे.

२३/
आज 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची चाचणी होते. प्रत्येकास ५० गुण. आर्थिक आणि डिजिटल साक्षरताही त्यात आली आहे. ती येणे अटळ होते. सावकाराची वही आता मोबाइलच्या पडद्यावर गेली आहे. 'आठवड्याला फक्त शेकडा दोन' हे वाक्य ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाच्या ५२ आठवड्यांचा गुणाकार केला की ते १०४ टक्के होतात, आणि तेही चक्रवाढ न धरता.

२४/
१८७५ च्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो तपासण्याचा दुसरा मार्ग त्याला उपलब्ध नव्हता. रात्रशाळेपासून 'उल्लास'पर्यंतचे सारे प्रयत्न तो दुसरा मार्ग घडवण्याचे आहेत.

वाचकांसाठी एक काम. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला पावकी किंवा दिडकी म्हणायला सांगा आणि लिहून घ्या. मग त्यांच्यासोबत बसून पाचव्या भागातील १०० रुपयांचा हिशेब बारा वर्षांपर्यंत न्या. उत्तर सुमारे ८७५ रुपये यायला हवे.