क्रीडा प्रशिक्षक (भारतातील व्यवसाय)

क्रीडा प्रशिक्षक म्हणजे खेळाडूला किंवा संघाला एखाद्या खेळाचे तंत्र, डावपेच, शारीरिक तयारी व स्पर्धेतील वर्तन यांचे पद्धतशीर मार्गदर्शन करणारी व्यक्ती होय. मराठीत या अर्थाने 'मार्गदर्शक', 'कोच' व कुस्तीत 'वस्ताद' हे शब्द वापरले जातात. शाळेतील क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक ही दोन वेगळी पदे असली, तरी महाराष्ट्रात अनेकदा एकच व्यक्ती दोन्ही कामे करते. हे काम अनेक जण आवडीने पत्करतात. ते तीस-पस्तीस वर्षे उपजीविकेचे साधन म्हणून टिकवणे मात्र अवघड समजले जाते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात प्रशिक्षणाची सर्वांत जुनी व्यवस्था तालमींची आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला. तालमीतील वस्तादाचा चरितार्थ संस्थान, दानशूर मंडळी आणि शिष्य यांच्या आधारावर चाले. ठरलेले वेतन हा त्या व्यवस्थेचा पाया नव्हता. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) शारीरिक शिक्षणाला संस्थात्मक रूप दिले.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. पतियाळाच्या संस्थेला पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. खेळाडू असणे आणि खेळ शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शासकीय पातळीवर प्रथम येथे मान्य झाले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणात ही संस्था नंतर समाविष्ट झाली.

शिक्षण व पात्रता

शासकीय नियुक्तीसाठी पतियाळा संस्थेची पदविका ('एनआयएस') ही आजही सर्वाधिक ओळखली जाणारी पात्रता आहे. पदविकेखेरीज सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. फुटबॉलमध्ये आशियाई महासंघाचे परवाने 'प्रो' श्रेणीपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळवावे लागतात. क्रिकेटमध्ये नियामक मंडळाच्या पातळीनिहाय परीक्षा असतात. तालमीत व मैदानावर शिकलेल्या अनेक उत्तम मार्गदर्शकांकडे यांपैकी कोणतेही प्रमाणपत्र नसते. त्यामुळे ते सरकारी भरतीच्या बाहेर राहतात.

उत्पन्नाचे स्वरूप

महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा विभागात 'क्रीडा मार्गदर्शक' व 'क्रीडा अधिकारी' ही पदे आहेत. कायम पदे मोजकी असल्याने बरेच प्रशिक्षक मानधनावर किंवा कंत्राटी पद्धतीने काम करतात. कंत्राट वर्षा-दोन वर्षांचे आणि खेळाडू घडण्याचा काळ आठ-दहा वर्षांचा, ही विसंगती या व्यवसायाच्या मुळाशी आहे. वार्षिक निकालावर नोकरी अवलंबून असलेला प्रशिक्षक बारा वर्षांच्या मुलाला पाया पक्का करण्यासाठी वेळ देण्याऐवजी लगेच पदक मिळवून देणाऱ्या मार्गाकडे वळतो. त्याचे नुकसान शेवटी खेळाडूला सोसावे लागते.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये पूर्वी यावर एक व्यावहारिक तोड होती. बँका, रेल्वे व खासगी कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि त्या पगाराच्या भरवशावर ते सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवत. रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) हे याचे ठळक उदाहरण होय. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या आचरेकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित आदी खेळाडू घडवले. त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. एका सामन्याची कारकीर्द असलेला माणूस एवढे शिकवू शकला, ही बाब मोठ्या खेळाडूलाच मोठा प्रशिक्षक मानणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

खासगी अकादमी हा दुसरा मार्ग. त्यात जागेचे भाडे, साहित्य, साहाय्यकांचे पगार आणि पावसाळ्यातील खंड यांचा भार प्रशिक्षकावर येतो. फी भरू शकणाऱ्या मुलांच्या पैशांवर गुणी पण गरीब मुलांना शिकवणे ही अनेक अकादम्यांतील अलिखित रीत आहे. २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणारे पुल्लेला गोपीचंद यांनी हैदराबादची बॅडमिंटन अकादमी उभारताना स्वतःचे घर गहाण ठेवले होते. सायना नेहवाल (२०१२) व पी. व्ही. सिंधू (२०१६) यांनी ऑलिंपिक पदके मिळवली, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक गोपीचंदच होते. अशी जोखीम प्रत्येकाला फळतेच असे नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीसारख्या लीगमुळे देशी खेळांच्या प्रशिक्षकांनाही हंगामी करार मिळू लागले.

श्रेयाचा प्रश्न

द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्या मानकऱ्यांत पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. पुरस्कारासाठी शिष्यांची आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहिली जाते. त्यामुळे राष्ट्रीय शिबिरातील प्रशिक्षकाचे नाव सहज पुढे येते आणि गावात मुलाला प्रथम हेरून मैदानावर आणणारा मागे राहतो. केंद्राच्या रोख पारितोषिक योजनेत प्रशिक्षकांची रक्कम प्राथमिक, विकास व उच्च अशा टप्प्यांवरील प्रशिक्षकांत विभागण्याची तरतूद करण्यात आली. तरीही खेळाडूने जुन्या प्रशिक्षकाचे नाव लेखी देण्यावर बरेच काही अवलंबून राहते.

दीर्घ कारकीर्द

टिकलेल्या प्रशिक्षकांच्या कारकिर्दीत दोन गोष्टी वारंवार दिसतात: कामाचे ठिकाण बदलण्याची तयारी आणि स्वतःची शिकवण्याची पद्धत. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई, विदर्भ (२०१७-१८ व २०१८-१९) आणि मध्य प्रदेश (२०२१-२२) या तीन संघांनी रणजी करंडक जिंकला. प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून खेळण्याची संधी न मिळालेले अमोल मुजुमदार २०२३ मध्ये महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२५ मध्ये त्या संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला.

पहाटेचा व संध्याकाळचा सराव, मधला रिकामा दिवस आणि सुट्टीच्या दिवशी स्पर्धा अशा वेळापत्रकाने कौटुंबिक जीवनावर ताण येतो. शिवाय जबाबदारीची कायदेशीर बाजूही वाढली आहे. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा प्रशिक्षकांनाही लागू आहे. उत्तेजक द्रव्यविरोधी जागतिक संहितेनुसार खेळाडूला मदत करणाऱ्या प्रशिक्षकावरही बंदी येऊ शकते.

महिला प्रशिक्षक

प्रवास, निवासी शिबिरे आणि पुरुषप्रधान संघटना यांमुळे या व्यवसायात महिलांचे प्रमाण कमी राहिले आहे. नेमबाजीत मात्र महाराष्ट्रातील दोघींनी वेगळी वाट घातली. सुमा शिरूर व दीपाली देशपांडे या दोघी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या आणि नंतर पूर्णवेळ प्रशिक्षक झाल्या. शिरूर यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखरा यांनी पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. देशपांडे यांचे शिष्य, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळाले. दोघीही द्रोणाचार्य पुरस्काराच्या मानकरी आहेत.