जड वाहनचालकांचे प्रशिक्षण व परवाना : उस्तादाच्या परंपरेपासून मान्यताप्राप्त केंद्रापर्यंत (१९१४ ते २०२४)

प्रस्तावना :

भारतातील रस्ते वाहतुकीचा इतिहास बहुधा रस्ते, वाहने, इंधन आणि मालवाहतुकीचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ही वाहने प्रत्यक्ष चालविणारा माणूस मात्र या इतिहासात क्वचितच दिसतो. तो आपली कला कोठे शिकला, कोणाकडून शिकला आणि शासनाने त्याच्या कौशल्यावर मान्यतेची मोहोर केव्हा व कोणत्या अटींवर उमटविली, हे प्रश्न कायद्याच्या इतिहासाइतकेच सामाजिक इतिहासाचेही आहेत. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केली. यातील प्रत्येक मृत्यूस चालकाचे अपुरे प्रशिक्षण कारणीभूत होते असे म्हणता येणार नाही. तथापि बस किंवा ट्रक चालविण्याचे शिक्षण ही केवळ चालकाची वैयक्तिक बाब नाही, एवढे या आकड्यावरून निश्चितच स्पष्ट होते.

उद्दिष्ट व अभ्यासपद्धती :

जड वाहन चालविण्याचे शिक्षण आणि त्यासाठीचा परवाना यांचा परस्परसंबंध १९१४ ते २०२४ या काळात कसा बदलत गेला, हे पाहणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. यासाठी मोटार वाहनविषयक कायदे, नियम व न्यायनिर्णय यांचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार केला असून महाराष्ट्रातील राज्य परिवहनाचा संदर्भ जेथे आवश्यक तेथे घेतला आहे. भारतीय कायद्याने चालकाची परीक्षा घेण्यास फार लवकर आरंभ केला, परंतु त्याला शिकविण्याची जबाबदारी दीर्घकाळ स्वीकारली नाही. आणि जेव्हा स्वीकारली तेव्हा आधीपासून शिकवीत आलेल्यांना तिच्यात स्थान दिले नाही, अशी या निबंधाची मांडणी आहे.

१) परवान्याचा आरंभ :

मुंबई शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारगाडी आली. त्यानंतर १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी मोटार वाहन कायदा करण्यात आला. वाहन चालविण्यास परवाना आवश्यक ठरला आणि चालकाचे किमान वय १८ वर्षे ठरले. मोटार हे त्या काळी प्रामुख्याने श्रीमंतांचे आणि अधिकाऱ्यांचे वाहन होते. साहजिकच कायद्याचा रोखही मोटारीवर व तिच्या वेगावर होता.

पुढील पंचवीस वर्षांत परिस्थिती पालटली. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली. जिल्ह्याच्या गावांना तालुक्यांशी जोडणाऱ्या खासगी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. उतारू आणि माल वाहून नेणे हा आता स्वतंत्र व्यवसाय झाला होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या बदलाची दखल घेतली. पगारी चालक आणि परिवहन वाहनाचा चालक यांच्या परवान्यात तसा स्पष्ट अधिकार नमूद असणे आवश्यक ठरले. परिवहन वाहन चालविण्यासाठी किमान वय २० वर्षे करण्यात आले. चालकाच्या क्षमतेची चाचणी कशी घ्यावी हे कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सांगितले होते. मात्र ती क्षमता चालकाने कोठून मिळवावी याविषयी कायदा मौन बाळगून होता. परीक्षा होती, पण शाळा नव्हती.

२) उस्ताद आणि क्लीनर :

ही उणीव व्यवसायाने स्वतःच भरून काढली. ट्रकवर चालकासोबत एक क्लीनर असे. हा बहुधा चालकाच्या गावचा, नात्यातला किंवा ओळखीतला मुलगा असे. गाडी धुणे, चाकातील हवा तपासणे, चढावर गाडी थांबताच चाकामागे दगड लावणे, गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारून इशारा देणे ही त्याची कामे होती. या कामांतूनच तो शिकत असे. टायरवर लोखंडी सळई मारून येणाऱ्या आवाजावरून हवेचा अंदाज घेणे, इंजिनाच्या बदललेल्या आवाजावरून भार ओळखणे, मागील चाके वळणावर पुढील चाकांपेक्षा किती आत येतात हे रस्त्यावर उभे राहून पाहणे, हे ज्ञान त्याला पुस्तकाविना मिळत असे.

जुन्या गाड्यांच्या गिअरपेटीत गती आपोआप जुळविण्याची सोय नव्हती. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून मधल्या क्षणी इंजिनाची गती जुळवावी लागे. याला चालकांच्या भाषेत 'डबल क्लच' म्हणतात. हे हात, पाय आणि कान यांचे एकत्रित कौशल्य होते. घाटातील नियम तर याहून महत्त्वाचा होता : ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. बोरघाट किंवा कसारा घाटात भरलेली गाडी केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरविली तर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून इंजिनाच्या रोधाचाच उपयोग करून गाडी आवरावी लागते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे का घातक आहे, हे चांगला उस्ताद पहिल्याच घाटात शिकवी. वाईट उस्ताद मात्र नेमकी तीच सवय शिष्याला लावी. या परंपरेची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात. तिचा दर्जा सर्वस्वी उस्तादावर अवलंबून होता.

या परंपरेची आणखी एक अडचण होती. क्लीनरच्या हाती सुकाणू प्रथम येई ते रात्री, मोकळ्या रस्त्यावर आणि बहुतेक वेळा कोणत्याही परवान्याविना. म्हणजे देशातील मालवाहतूक ज्या शिक्षणावर उभी होती ते शिक्षण कायद्याच्या दृष्टीने गुन्हा होते. हा विरोधाभास पुढे अधिकच तीव्र झाला.

३) राज्य परिवहन : संस्थेचा प्रवेश :

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा सेवांना वैधानिक आधार दिला आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. चालक आता एखाद्या मालकाचा माणूस राहिला नाही. तो सेवाशर्ती असलेला कर्मचारी झाला. निवड, चाचणी, मार्गाची ओळख, गणवेश, बिल्ला आणि अपघातानंतरची चौकशी ही सर्व प्रक्रिया संस्थेच्या चौकटीत आली. चालकाचे काम हे शिकविण्याजोगे, तपासण्याजोगे आणि सुधारण्याजोगे आहे, ही कल्पना राज्य परिवहनाने रुजविली. १९६७ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेने रस्ते परिवहनाच्या अभ्यासाला संस्थात्मक पाठबळ दिले.

तथापि ही व्यवस्था एसटीच्या बसपुरती होती. ट्रकव्यवसाय विखुरलेला होता आणि तेथे उस्तादाचीच शाळा चालू राहिली. सार्वजनिक बस आणि खासगी ट्रक एकाच रस्त्यावर धावत असले तरी त्यांचे चालक शिक्षणाच्या दोन भिन्न परंपरांतून आलेले होते.

४) १९८८ चा कायदा : शिक्षण कागदावर येते :

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेला १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. कायद्याच्या कलम १२ ने वाहनचालन शाळांचे नियमन केले. कलम ९ नुसार परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी अशा शाळेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. नियम ३१ मध्ये अभ्यासक्रम दिला गेला. त्यात वाहनचालनाचे तत्त्व, वाहतुकीचे नियम, यंत्ररचना व दुरुस्ती, जड वाहनाचा सराव, आगीचे धोके आणि प्रथमोपचार यांबरोबरच चालकाने लोकांशी कसे वागावे हा विषयही आहे. परिवहन वाहनासाठी प्रशिक्षणाचा काळ किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालनाचे तास किमान १५ ठरले.

चाचणीचा नियम १५ वाचला असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. तीव्र चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा सुरू करणे, उतारावर त्वरित खालचा गिअर टाकणे, मर्यादित जागेत गाडी नियंत्रित रीतीने मागे घेणे, अशा क्षमता तेथे अपेक्षिल्या आहेत. घाटात उस्ताद जे शिकवीत असे तेच येथे नियमाच्या भाषेत आले होते. पण उस्ताद मात्र या चौकटीत आला नाही. शाळेतील प्रशिक्षक दहावी उत्तीर्ण असावा, त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा आणि त्याच्याकडे मोटार यांत्रिकीचे किंवा यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्रमाणपत्र असावे, अशी अट होती. तीस वर्षे घाट उतरलेला, पण शाळा अर्धवट सोडलेला चालक अनुभवाची अट सहज पूर्ण करीत असला तरी प्रशिक्षक होऊ शकत नव्हता.

क्लीनरसाठीही मार्ग सरळ नव्हता. कलम ७ नुसार परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष धारण केलेला असावा लागतो. टप्प्याटप्प्याने शिकावे हे यामागील तत्त्व योग्यच आहे. परंतु ज्याने सारे तारुण्य ट्रकवर घालविले आणि मोटार कधी चालविली नाही, त्याला आधी मोटारीचा चालक व्हावे लागले. परिणामी शिक्षण एकीकडे आणि प्रमाणपत्र दुसरीकडे अशी विभागणी झाली. अशा स्थितीत शाळेचे प्रमाणपत्र शिक्षणाचा पुरावा न राहता अर्जाला जोडण्याचा आणखी एक कागद होण्याचा धोका निर्माण झाला.

५) अक्षरज्ञान आणि कौशल्य :

परिवहन वाहनाच्या चालकाने किमान आठवी उत्तीर्ण असावे अशी अट नियम ८ मध्ये होती. ही अट २०१९ मध्ये रद्द झाली. हरियाणातील मेवात भागातील चालकांचा प्रश्न या निर्णयामागे होता आणि देशात सुमारे २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे केंद्र शासनाने त्या वेळी म्हटले होते. शालेय शिक्षण नसले तरी कौशल्य असू शकते, ही गोष्ट शासनाने येथे प्रथमच स्पष्टपणे मान्य केली.

मात्र या निर्णयाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकास नियम ९ नुसार एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे आवश्यक आहे, शिवाय तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षणही सक्तीचे आहे. टँकरवरील इशारा वाचता न येणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो. तेव्हा साक्षरता नको असा २०१९ च्या बदलाचा अर्थ नव्हे. साक्षरतेची अट काढली की प्रशिक्षणाची जबाबदारी वाढते, असा त्याचा अर्थ घ्यावयास हवा.

६) महिला आणि शिकण्याचा हक्क :

क्लीनर म्हणून रात्रंदिवस गाडीवर राहून शिकण्याची परंपरा स्त्रियांना जवळजवळ बंद होती. १९९३ मध्ये तमिळनाडूत एम. वसंतकुमारी यांनी राज्य परिवहनाच्या बसचे सुकाणू हाती घेतले, ते सार्वजनिक सेवेच्या वाटेने. महाराष्ट्रात महामंडळाने २०१९ मध्ये महिला चालकांचे प्रशिक्षण सुरू केले आणि जून २०२३ मध्ये एसटीच्या बसवर महिला चालक रुजू झाली. औपचारिक प्रशिक्षणाचे मूल्य केवळ अपघात टाळण्यापुरते नाही, हे यातून दिसते. उस्तादाची निवड नाते, गाव आणि ओळख यांवर होत असे, तर संस्थेचे दार तत्त्वतः सर्वांसाठी उघडे असते.

७) अलीकडील बदल :

राष्ट्रीय परवान्याच्या मालवाहनावर दोन चालक असण्याची अट २०१८ मध्ये काढण्यात आली. या बदलामागे आर्थिक कारणे होती. तथापि गाडीवरील दुसरा माणूस कमी होणे म्हणजे शिकण्याची एक जागा कमी होणे, हा परिणाम चर्चेत फारसा आला नाही. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. मध्यम व जड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम, दोन एकर जागा आणि बारावी उत्तीर्ण प्रशिक्षक अशी त्यांची चौकट आहे. अशा केंद्राचे प्रमाणपत्र मिळालेल्या उमेदवारास परिवहन कार्यालयातील वाहनचालन चाचणीतून सूट मिळते. १९३९ मध्ये परीक्षा होती आणि शाळा नव्हती. आता शाळाच परीक्षा घेणार आहे. त्यामुळे शाळेच्या तपासणीचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक आहे.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. उपजीविकेच्या दृष्टीने हा निर्णय लाखो चालकांना दिलासा देणारा आहे. त्याच वेळी छोट्या मालवाहनाच्या चालकाला भार, ब्रेक आणि उतार यांचे विशेष शिक्षण कोठे मिळणार, हा प्रश्नही त्याने पुढे आणला आहे.

निष्कर्ष :

१. भारतीय कायद्याने १९१४ पासून परवाना आणि १९३९ पासून परिवहन वाहनासाठी वेगळा अधिकार आवश्यक केला; प्रशिक्षणाचा तपशीलवार अभ्यासक्रम मात्र १९८९ च्या नियमांत आला.

२. मधल्या काळात जड वाहनाचे शिक्षण प्रामुख्याने उस्ताद-क्लीनर परंपरेने दिले. ते सखोल होते, परंतु असमान दर्जाचे, स्त्रियांना वर्ज्य आणि कायद्याच्या कक्षेबाहेरचे होते.

३. नव्या व्यवस्थेने या परंपरेतील ज्ञान चाचणीत घेतले, पण ज्ञानी माणसाला शिक्षक म्हणून स्वीकारले नाही.

४. गाडीवरील जुनी शाळा संपत असताना नवी केंद्रे सर्वत्र पोहोचणे आवश्यक आहे. अनुभवी चालकाच्या पूर्वकौशल्याचे मूल्यमापन करून त्याला साहाय्यक प्रशिक्षक म्हणून मान्यता देणे, हा या दोन परंपरांना जोडणारा व्यवहार्य मार्ग ठरू शकेल.

शंभरहून अधिक वर्षांच्या या इतिहासात शासनाने चालकाला सातत्याने 'तुला येते का?' असे विचारले. 'तुला कोणी शिकविले?' हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. रस्त्यावरील सुरक्षितता यापुढे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अधिक अवलंबून राहील.