खोली भाड्याची, कुलूप ज्याचे त्याचे

‘डेडिकेटेड’ हा शब्द सर्व्हरच्या धंद्यात दोन दारांनी शिरला. एका दारातून खेळणारी पोरे आली, दुसऱ्यातून वेबसाइटवाले दुकानदार. पोरांच्या बोलीत डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे ज्याच्यासमोर बसून कोणी खेळत नाही, जो फक्त सगळ्यांचा डाव सांभाळतो असा संगणक. दुकानदारांच्या लेखी अर्थ वेगळा: अख्खे यंत्र एकाच भाडेकरूचे, भिंतीला भिंत लावून शेजारी कोणी नाही. आज दोन्ही अर्थ एकाच बिलावर सुखाने नांदतात. पण या धंद्याला सुरक्षेचे जे धडे मिळाले त्यातले बरेचसे खेळणाऱ्या पोरांमुळे मिळाले, आणि दुकानदारांना त्याची फारशी कल्पना नसते.

१९९३ च्या डिसेंबरात आयडी सॉफ्टवेअर या टेक्सासमधल्या छोट्या कंपनीने ‘डूम’ हा खेळ आणला, तेव्हा मध्ये सर्व्हर नव्हताच. चौघे खेळत असतील तर चारही संगणक एकमेकांशी थेट बोलत. पावलाला पाऊल मिळवून चालायचे असल्यामुळे जो सर्वांत मंद, त्याच्या चालीने सगळे. पहिल्या आवृत्तीत तर प्रत्येक निरोप जाळ्यावरच्या झाडून सगळ्या यंत्रांच्या दारात जाऊन पडे. विद्यापीठांची आणि कचेऱ्यांची जाळी तुंबली, आणि ठिकठिकाणी ‘डूम’वर बंदी आली.

२२ जून १९९६ ला आलेल्या त्याच कंपनीच्या ‘क्वेक’ने यात पंच बसवला. भिंती, गोळ्या, कोण मेला आणि कोण उरला, हे सगळे सर्व्हरच्या स्मृतीत. खेळाडूचा संगणक ही त्या जगात उघडणारी खिडकी. कार्यक्रम सुरू करताना ‘डेडिकेटेड’ हा शब्द आज्ञेत जोडला की पडद्यावर चित्र येत नसे, यंत्र गुमान हिशेब ठेवत बसे. त्याच वर्षी डिसेंबरात आयडीच्याच जॉन कारमॅकने ‘क्वेकवर्ल्ड’ ही सुधारलेली आवृत्ती काढली. घरच्या मोडेमवर निरोप जाऊन येईपर्यंत थांबायचे नाही. खेळाडूने पाऊल टाकले की त्याच्या संगणकाने ते अंदाजाने दाखवून टाकायचे, आणि सर्व्हरचा निकाल आल्यावर चूक असेल तर दुरुस्त करायची. आजचे बहुतेक जलद ऑनलाइन खेळ याच युक्तीवर चालतात.

युक्ती कितीही चांगली असली तरी अंतर उरतेच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असला की जाण्यायेण्यातच १० मिलिसेकंद गेले. वेबसाइट पाहणाऱ्याला ते कळतही नाही. बंदुकीचा चाप ओढणाऱ्याला ‘पिंग’, म्हणजे हा जाण्यायेण्याचा वेळ, वाढल्याचे लगेच कळते. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत २००० नंतरची काही वर्षे ‘काउंटर-स्ट्राइक’ रंगले ते बव्हंशी एकाच खोलीतल्या तारांवर. बाहेरच्या जगात शिरायचे तर सर्व्हर समुद्रापलीकडे, आणि आपण गोळी झाडेपर्यंत समोरचा भिंतीआड.

मग हे सर्व्हर चालवत होते कोण? सुरुवातीला विद्यापीठांतले विद्यार्थी, प्राध्यापकांच्या नकळत. त्यांच्या खोलीपर्यंत जाडजूड तार आलेली असे आणि बिल संस्थेच्या नावावर. १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळाच्या पाठीवर दोन हौशी पोरांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ बसवले आणि ही फुकटेगिरी पुरेनाशी झाली. टोळ्या जमल्या. त्यांना ‘क्लॅन’ म्हणत. प्रत्येक क्लॅनला आपला अड्डा हवा, नियम आपले हवेत, आणि नको त्याला हाकलून देण्याचा हक्क हवा. त्यातून ‘स्लॉट’वर भाडे आकारणारा धंदा निघाला: १६ जण खेळणार असाल तर १६ जागांचे पैसे, टोळीने वर्गणी काढून भरायचे. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीसारखेच. दोघे-तिघे कायम बुडवणारे असतात आणि खजिनदार कायम चिडलेला.

दुसऱ्या दाराचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून ‘मायबोली’ ही मराठी वेबसाइट सुरू झाली, त्या काळात वेबसाइट ठेवायची तर दोनच सोयी होत्या. एका यंत्रावर शेकडो जणांच्या गर्दीत कोपरा घ्यायचा, नाहीतर स्वतःचे यंत्र विकत घेऊन कोणाच्या तरी केंद्रात नेऊन ठेवायचे. अख्खे यंत्र महिन्याच्या भाड्याने देण्याचा मधला मार्ग दशकाच्या अखेरीस रुळला. टेक्सासमध्येच, सॅन अँटोनिओत, १९९८ मध्ये रॅकस्पेस निघाली. त्याच वर्षी कोबाल्ट कंपनीने ‘रॅक’ नावाचा निळा, चपटा, पिझ्झाच्या खोक्याएवढा सर्व्हर आणला. युनिक्सचा गंध नसलेल्या माणसालाही तो ब्राउझरमधून चालवता येई, म्हणून होस्टिंगवाल्यांनी तो रांगेने विकत घेतला. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० मध्ये सुमारे २ अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात कोबाल्ट उचलली आणि तीनेक वर्षांत तो निळा रंग बाजारातून गेलाही.

युरोपात मात्र हा धंदा वेगळ्याच हाताने वाढला. फ्रान्सच्या उत्तरेला रुबे नावाचे गिरणगाव आहे. कधी काळी हजार धुराड्यांचे शहर म्हणून मिरवणारे, मग गिरण्या बसल्यावर ओस पडलेले. परळ-लालबागच्या वाचकाला ते चित्र वेगळे समजावून सांगायला नको. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि किशोरवयात कुटुंबासह फ्रान्सला आलेल्या ऑक्तेव्ह क्लाबाने १९९९ मध्ये ओव्हीएच काढली, ती याच रुबेतून वाढली. आईवडील, भाऊ, सगळे घरच धंद्यात. सर्व्हर विकत घेण्याऐवजी ते स्वतः जुळवायचे, आणि २००३ पासून पंख्यांऐवजी पाण्याने थंड ठेवायचे, असा काटकसरी खाक्या. त्यांच्या सर्वांत स्वस्त सर्व्हरांचे नाव ‘किमसुफी’. फ्रेंचमध्ये उच्चारले की ‘मला पुरेसा’ असे ऐकू येते. कॅनडात त्यांनी जागा शोधली ती बोआर्नवाचा बंद पडलेला अॅल्युमिनियमचा कारखाना, शेजारी जलविद्युत केंद्र. जर्मनीत मार्टिन हेट्झनरने १९९७ मध्ये बव्हेरियातल्या गुंझेनहाउझेन या लहानशा गावातून असाच धंदा मांडला. जुन्या सर्व्हरांचा त्यांचा लिलाव तर उलटा चालतो: किंमत चढत नाही, कोणी उचलेपर्यंत उतरत राहते. घासाघीस करणाऱ्या माणसाची सहनशक्ती पाहावी ती इथे.

स्वस्ताईबरोबर एक करार मुकाट्याने आला. मालक देणार वीज, थंडावा, तार आणि लोखंड. आत काय चालते, दार कोण लावते, ते भाडेकरूने पाहायचे. पैसे भरले की ईमेलने एक पत्ता आणि सर्वाधिकाराचा पासवर्ड येई. बहुतेकांना वाटे, घर मिळाले. प्रत्यक्षात हाती आलेली असे ती हमरस्त्यावरची खोली, सताड उघडी.

कुलपाची गोष्ट फिनलंडची. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर कान लावून बसले आणि येणारे-जाणारे हजारो पासवर्ड टिपून घेतले. तोवर दूरच्या यंत्रावर काम करायचे ते ‘टेलनेट’ने, त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जाई. टाटू युलोनेन या संशोधकाने त्यावर काही महिन्यांत, सगळे गुप्त लिपीत पाठवणारे एसएसएच लिहून फुकट वाटले. फाइली नेण्याआणण्याचे दार (पोर्ट) २१ क्रमांकाचे, टेलनेटचे २३. मधला २२ रिकामा होता, तो त्याने मागितला आणि मिळाला. त्या वर्षअखेर ५० देशांत सुमारे २० हजार लोक ते वापरत होते.

आज नवा सर्व्हर चालू केला की काही मिनिटांत याच २२ क्रमांकावर टकटक सुरू होते. ठोठावणारी माणसे नसतात, पासवर्डांच्या याद्या घेऊन फिरणारी यंत्रे असतात. म्हणून जाणती मंडळी पहिल्या तासातच पासवर्डने प्रवेश बंद करून किल्लीच्या फाइलीवर जातात, खेळासाठी अधिकार नसलेला वेगळा वापरकर्ता करतात आणि फायरवॉलमध्ये लागतील तेवढीच दारे ठेवतात. वेबसाइटला ८० आणि ४४३, ‘काउंटर-स्ट्राइक’ला २७०१५, ‘माइनक्राफ्ट’ला २५५६५. वारंवार चुकीचा पासवर्ड घालणाऱ्याला बाहेर बसवणारे ‘फेल टू बॅन’ २००४ पासून आहे. फुकट आहे, आणि तरीही कित्येक सर्व्हरांवर नसते.

पण कुलूप चोराला अडवते, गर्दीला नाही. हरलेल्या खेळाडूने समोरच्याचा सर्व्हर खोट्या निरोपांनी बुजवून टाकायचा, ही खोडी या जगात फार जुनी. वेबसाइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखा मध्यस्थ उभा करून तिच्या तयार प्रती वाटता येतात. खेळाचे तसे नसते. त्याचे निरोप बहुधा यूडीपी नावाच्या पद्धतीने जातात, ज्यात आधी हस्तांदोलन नसते. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असू शकतो, आणि प्रत ठेवण्यासारखे काहीच नसते, कारण प्रत्येक क्षण नवा. खरा खेळाडू कोण आणि गर्दीतला भाडोत्री कोण, हे चालत्या प्रवाहात निवडायचे. ओव्हीएचने २०१३ मध्ये ही चाळणी आपल्या भाडेकरूंसाठी बसवली, आणि त्यामुळेच पुढे तिच्यावर मोठा घाला आला.

सप्टेंबर २०१६ मध्ये रुबेच्या यंत्रांवर सेकंदाला सुमारे १ टेराबिट एवढा लोंढा आदळला. तोवर इतका मोठा हल्ला जाहीरपणे नोंदलेला नव्हता. क्लाबाने मोजून सांगितले: मारा करणारी यंत्रे १,४५,६०७, बहुतेक सुरक्षा कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी कधी बदललाच नव्हता. असे साठेक पासवर्ड पाठ असलेल्या ‘मिराय’ नावाच्या कार्यक्रमाने ते ताब्यात घेतले होते. ऑक्टोबरात त्याच कार्यक्रमाने वेबसाइटांचे पत्ते सांगणाऱ्या डिन या कंपनीला गाठले आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास बंद पडले. परकी सरकारे, निवडणूक, असे बरेच तर्क लढवले गेले.

निघाले काय? विशीतली तीन पोरे. त्यांतला एक न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा विद्यार्थी, आणि त्याचा धंदा ‘माइनक्राफ्ट’च्या सर्व्हरांना हल्ल्यांपासून संरक्षण पुरवण्याचा. रात्री दुकानाच्या काचा फोडायच्या आणि सकाळी राखणदारीचे दरपत्रक घेऊन दारात उभे राहायचे, एवढाच त्यातला कावा. लोकप्रिय ‘माइनक्राफ्ट’ सर्व्हर महिन्याला चांगली कमाई करतो, तो तासभर पडला तर खेळाडू शेजारी जातात. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या पहारेकऱ्याला बदनाम करणे फायद्याचे होते. डिनवरचा हल्ला त्यांचा नव्हता. आपले नाव निघू नये म्हणून सप्टेंबरअखेरीस त्यांनी कार्यक्रमाचा मजकूर उघड्यावर टाकला होता, तो दुसऱ्या कोणी उचलला. डिसेंबर २०१७ मध्ये अलास्काच्या न्यायालयात तिघांनी गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. मुलांच्या एका खेळातल्या भाडेकरू-मालकांच्या हेव्यादाव्यातून अर्धे इंटरनेट आडवे झाले होते.

‘माइनक्राफ्ट’ने पुन्हा एकदा घंटा वाजवली ती डिसेंबर २०२१ मध्ये. खेळाच्या गप्पांच्या खिडकीत एक विशिष्ट ओळ टाइप केली, की सर्व्हर ती नोंदवहीत उतरवताना आज्ञा समजून पाळत असे आणि बाहेरून आलेला कोणताही कार्यक्रम चालवून टाकत असे. दोष खेळाचा नव्हता. नोंदी ठेवणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या घटकाचा होता, आणि तो बँकांपासून मेघसेवांपर्यंत सगळीकडे बसलेला होता. दुरुस्त आवृत्ती १० डिसेंबरला आली. ज्यांनी सर्व्हर एकदा उभा करून विसरून टाकला होता, त्यांना ती कधी मिळालीच नाही.

इतके सगळे बाहेरच्या चोरांचे. त्याच वर्षी मार्चमध्ये घरच जळाले.

१० मार्च २०२१, मध्यरात्रीनंतर पाऊण तास. ऱ्हाइनच्या काठी स्ट्रासबर्गमधल्या ओव्हीएचच्या पाच मजली इमारतीत आग लागली. शंभरावर जवान धावले. माणसे सुखरूप राहिली. इमारत गेली, शेजारच्या दुसऱ्या इमारतीतल्या बारांपैकी चार खोल्याही गेल्या. वेबसाइटांची मोजदाद करणाऱ्या नेटक्राफ्टच्या अंदाजाने ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. क्लाबाने पहाटे ग्राहकांना कळवले, की आपापल्या आपत्ती-योजना अमलात आणा. अनेकांना तेव्हा पहिल्यांदा उमगले की अशी योजना आपण करायची असते. काहींनी वेगळे पैसे मोजून बॅकअप घेतला होता, तोही त्याच इमारतीत होता. २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने अशा एका ग्राहकाला १ लाख युरोहून अधिक भरपाई द्यायला लावली.

आगीच्या त्या रात्री ‘रस्ट’ या खेळाचे युरोपातले २५ सर्व्हरही राख झाले, आणि त्यांतले काहीच परत मिळणार नाही असे खेळाच्या निर्मात्यांनी जाहीर केले. ‘रस्ट’मध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळा नकाशा पुसून नवा डाव मांडायची रीत आहे. त्या महिन्यातला पहिला गुरुवार ४ तारखेला होता. वेबसाइटवाल्यांची काही वर्षांची कमाई गेली. पोरांचे जे किल्ले जळाले, ते फार तर सहा दिवसांचे होते.