केशराला बी नसतं

परसात केशर लावायचं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, कुणी बियांची पाकिटंही विकतं. म्हणून आज खत-औषध बाजूला ठेवून केशराचा इतिहास सांगतो. पैसे कुठं बुडतात ते त्यातच कळेल.

केशराचं झाड वांझ. फूल येतं, पण बी धरत नाही. ग्रीसकडच्या एका रानटी जातीतून हे पीक आलं असं संशोधक मानतात. तिथून पुढं जिथं जिथं केशर गेलं, तिथं कुणीतरी कंद हातानं नेला म्हणूनच गेलं. इराणात गेलं, स्पेनात गेलं. इंग्लंडात सॅफ्रन वॉल्डन म्हणून गाव आहे, पूर्वी तिथं केशर पिकायचं. पुढं पीक मोडलं, नाव तेवढं राहिलं. आपल्या देशात काश्मीरचं केशर बाराव्या शतकातल्या कल्हणाच्या राजतरंगिणीत आहे, अकबराच्या काळच्या आइन-ए-अकबरीतही आहे. २०२० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्या कोकणात मात्र केशर ही कायम विकतची वस्तू. गंमत बघा, संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. आपलं कुंकू त्याच शब्दावरून आलं, पण करंड्यात आली हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार लावून लाल केलेली. नाव घाट उतरून आलं, झाड आलं नाही.

का आलं नाही? पांपोर सुमारे १६०० मीटर उंचीवर. तिथं कंद उन्हाळाभर पाणी न साचणाऱ्या जमिनीत झोपतो, गारवा पडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो, मग हिवाळाभर पातीवर नवे कंद पोसतो. आपल्याकडं त्याच्या झोपेच्या महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. महाड-पोलादपूरच्या मातीत तो कुजणारच.

आता ते पाकीट. 'अमेरिकन केशर' म्हणून जे बी राज्यात विकलं गेलं ती करडई. आपल्या भातपट्ट्यात करडई कुणी बघितलेली नाही, म्हणून इथं फसायला सोपं. देशावरचा शेतकरी म्हणेल, करडईला काटे असतात, याला कुठं आहेत? तर बिनकाट्याची करडईही आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं 'नारी-६' हा तसला वाण काढला. करडई वाईट नाही हो. तेलाचं पीक आहे, पाकळ्यांचा कुसुंबी रंग जुन्या काळापासून नावाजलेला. फक्त ते केशर नव्हे. केशर म्हणजे जांभळ्या फुलातले तीन लाल तंतू, करडईची पाकळी नव्हे.

हौस म्हणून करायचंच तर घरात. ट्रेमध्ये कोरडे कंद ठेवले आणि खोली गार केली तर मातीशिवायही फूल येतं, कारण पोषण कंदातच असतं. पण एक ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, म्हणजे शंभर कंदांत जेमतेम ग्रॅमभर धरा. फुलल्यावर जुना कंद संपतो. नवे कंद पोसायला लांब थंडी लागते, आपल्याकडं फेब्रुवारीतच ऊन तापतं. कंद बारीक राहिले की पुढच्या साली नुसती पात. म्हणजे दरवर्षी कंद विकत, आणि वर खोली गार ठेवायचं वीजबिल.

कंद घेताना एकेक तोलून घ्या. आठ-दहा ग्रॅमच्या खालचा घेऊ नका, तो बहुधा फुलत नाही.