नाणं उलटं करून बघा!

आजचा विषय आहे चांदीचं एक नाणं. त्याच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. ही आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे ठोकून बनवलेली. वजन साधारण 3.4 ग्रॅम. पुढच्या बाजूला बहुतेक वेळा पाच चिन्हं असतात: सूर्य, हत्ती, असं काय काय. ते सरकारी ठसे. पण नाणं उलटं केलं की दिसतात बारीक बारीक खुणा. कुठे एक, कुठे आठ-दहा, कुठे एकही नाही. त्या कोणी मारल्या?

बरेच अभ्यासक एकेका चिन्हाचा अर्थ शोधत बसले. दा. ध. कोसंबींनी मात्र तराजू उचलला. गोव्यात 1907 साली जन्मलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांचा तर्क असा: नाणं हातोहात फिरलं की चांदी झिजते. खुणा जर सराफांनी तपासणीच्या वेळी मारल्या असतील, तर जितक्या खुणा जास्त तितकं वजन कमी भरायला हवं. झीज नेमकी कशी होते हे बघायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही हजारोंनी तोलली.

मग तक्षशिलेला 1924 मध्ये सापडलेला साठा घेतला. त्यात अशी हजारावर नाणी होती. मागच्या खुणा मोजून गट पाडले, तर खुणा वाढतात तसं सरासरी वजन खरंच उतरत जातं! मी कोड लिहितो, त्यामुळे मला ही सरळ लॉग फाइल वाटते. प्रत्येक तपासणीला एक नोंद. त्यावरून पुढचे कोणते ठसे आधीचे आणि कोणते नंतरचे, हा क्रम लावता येतो. शिवाय त्याच साठ्यात सिकंदराची आणि त्याच्यामागून आलेल्या फिलिपची कोरी करकरीत नाणी होती. म्हणजे साठा पुरला गेला इसवी सनापूर्वी 317 च्या आसपास, आणि झिजलेली नाणी त्याहून जुनी.

पण एकट्या नाण्यावरून यातलं काहीच कळत नाही. सरासरी काढायला अख्खा साठा लागतो. हंडा सापडला, नाणी वाटून घेतली, काही वितळवली, काही ॲसिडने चकचकीत केली, की वजनाचा हिशोब कायमचा गेला. म्हणून कुठे असं काही सापडलं तर घासू नका, विकू नका. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सगळी नाणी एकत्र राहू द्या. भेटू पुढच्या भागात!