चाकांवरचं बिऱ्हाड

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून कॅम्परव्हॅनमधून पोराबाळांसह फिरणाऱ्या मित्राचे फोटो आले. बायको म्हणाली, आपल्याकडे हे कुठलं! महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन धोरण आलंय २०२१ साली, पण मला आठवला लोणंदचा पालखीतळ. दिंडीचा ट्रक म्हणजे दुसरं काय हो? वर तंबू, आत गॅस, पातेली, वळकट्या, आणि पायी चालून दमलेलं एखादं पोर पोत्यावर झोपलेलं.

याचं मूळ साताऱ्याजवळच्या आरफळला. तिथले हैबतबाबा पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. सगळं सोडून आळंदीला आले. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला सोहळा एकत्र होता. हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास माउलींची पालखी वेगळी काढली. भक्ती सगळ्यांकडेच होती, पण या माणसाला लष्करी मुक्काम हलवायचा कसा हे ठाऊक होतं! तंबू नि घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. दिंड्यांना क्रम, रथापुढे २७, बाकीच्या मागे. बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले, क्रम तोच.

मला सगळ्यात आवडते ती संध्याकाळची समाज आरती. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ गप्प. एखादी दिंडी वाजवतच राहिली तर समजायचं, तिची तक्रार आहे. मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते.

लेकीने विचारलं, "हरवलेली मुलंपण सांगतात?"

अर्थात. पुढच्या आषाढात तिला नीरेपासून तरडगावपर्यंत चालायचंय. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण वाटेतच आहे.