निकेल, मॅग्नेशियम आणि अल्पांशाचा इतिहास

निकेलची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९ ग्रॅम, मॅग्नेशियमची १.७४. एकाच मापाचे दोन ठोकळे घेतले तर निकेलचा पाचपट जड भरतो. निकेल वितळायला १४५५ अंश सेल्सिअस लागतात, मॅग्नेशियमला ६५० पुरतात. ताठपणात निकेल साडेचारपट सरस. पण तोच ताठपणा वजनाच्या हिशेबात मोजला तर दोघे जवळजवळ बरोबरीत येतात. म्हणून जिथे वजन वाचवायचे तिथे मॅग्नेशियमचे मिश्रधातू आणि जिथे धग सोसायची तिथे निकेलचे, अशी कामाची वाटणी झाली. ही वाटणी प्रत्यक्षात उतरण्यासाठी मात्र दोन्ही धातूंच्या पोटातल्या अगदी किरकोळ भेसळीचा छडा लागावा लागला.

एकोणिसाव्या शतकात निकेलचा उपयोग मुख्यतः तांब्यात मिसळण्यापुरता होता. शुद्ध म्हणवले जाणारे निकेल ओतता येई, पण तापवून घणाखाली घेतले की त्याला भेगा पडत आणि लगडीचे तुकडे होत. १८७९ मध्ये जर्मनीतील इझरलोनचे थिओडोर फ्लाइटमान यांनी वितळलेल्या निकेलमध्ये थोडेसे मॅग्नेशियम घातले, आणि तेच निकेल लाटता व ठोकता येऊ लागले. मॅग्नेशियम १०९० अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे इतक्या तप्त रसात ते सोडणे धोक्याचे होते, पण निकेलचे पत्रे आणि भांडी करण्याची वाट त्यामुळेच मोकळी झाली. मॅग्नेशियम निकेलमधला प्राणवायू ओढून घेते, असे तेव्हा समजले जाई. खरा अपराधी गंधक होता, हे अमेरिकेत मेरिका आणि वॉल्टेनबर्ग यांनी १९२५ मध्ये दाखवले. निकेल व त्याचे सल्फाइड यांचे मिश्रण सुमारे ६४० अंशांनाच वितळते आणि कणांच्या सीमांवर पातळ पापुद्र्यासारखे पसरते. तापलेली लगड तिथेच उकलते. मॅग्नेशियम या गंधकाला स्वतःशी बांधून घेते आणि त्याचे सल्फाइड तेवढ्या तापमानाला घनच राहते.

मॅग्नेशियमचा प्रवास उशिरा सुरू झाला. १९०९ मध्ये फ्रँकफुर्टच्या विमान प्रदर्शनात ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन कंपनीने ‘इलेक्ट्रॉन’ या नावाने त्याचे मिश्रधातू मांडले. विमाने आणि मोटारींच्या कारखानदारांना त्यांचा हलकेपणा भावला. गंजण्याची खोड मात्र जाईना. एखादा सुटा भाग खाऱ्या पाण्यात टिके, तर त्याच नमुन्याचा दुसरा बुडबुडे सोडत झपाट्याने विरघळे.

याचे उत्तर डाऊ कंपनीतील जे. डी. हॅनावाल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये दिले. मॅग्नेशियमला लोखंडाचे सुमारे ०.०१७ टक्के सोसवतात, निकेलचे जेमतेम ०.०००५. ही मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. निकेल घन मॅग्नेशियममध्ये विरघळत नाही. त्याचे बारीक संयुगकण मागे उरतात आणि प्रत्येक कण सूक्ष्म विद्युतघटाचा ऋणाग्र बनतो. त्याच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि भोवतालचे मॅग्नेशियम झिजत जाते. लोखंडावर मॅंगेनीजचा उतारा निघाला, कारण दोघे मिळून मुशीच्या तळाशी बसतात. निकेलवर असा उतारा नाही. म्हणून मॅग्नेशियम वितळवण्याची मूस निकेलयुक्त स्टेनलेस स्टीलची करत नाहीत, साध्या पोलादाची करतात. पूर्वी अशुद्धीवर नीट लक्ष न ठेवता ओतलेल्या भागांमुळे या धातूवर कायम गंजणारा असा शिक्का बसला, आणि तो पुसायला पुढची काही दशके गेली.

त्याच दशकात निकेलला त्याचे सर्वात मोठे काम मिळाले. बर्मिंगहॅमच्या हेन्री विगिन कंपनीने जेट टर्बाइनच्या पात्यांसाठी निमोनिक ८० हा मिश्रधातू तयार केला. शेगडीच्या तारेत वापरला जाणारा निकेल-क्रोमियम हा त्याचा पाया; त्यात टायटॅनियम व ॲल्युमिनियमची भर घातली होती. या दोघांमुळे निकेलमध्ये गॅमा-प्राइम नावाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. बहुतेक धातू तापताच ढिले पडतात, पण या कणांचे बळ सुमारे ७०० अंशांपर्यंत वाढतच जाते. आजची जेट पाती याच मार्गाने पुढे गेली आहेत.

दोन्ही धातू एकत्र उपयोगी पडले ते बिडाच्या ओतकामात. साध्या बिडातला ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतो, म्हणून ते ठिसूळ. १९४३ मध्ये इंटरनॅशनल निकेल कंपनीतील कीथ मिलिस यांच्या प्रयोगात मॅग्नेशियम घातलेल्या बिडात ग्रॅफाइट गोळ्यांच्या आकाराचा झाला आणि बीड वाकू लागले. निव्वळ मॅग्नेशियम तप्त रसात भडकून उडते. निकेलबरोबरचा त्याचा मिश्रधातू जड असल्याने रसात खोल जातो आणि शांतपणे मिसळतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ‘एसजी आयर्न’ म्हणतात ते हेच. निकेल महाग असल्याने आता मॅग्नेशियम बहुधा फेरो-सिलिकॉनच्या मिश्रणातून दिले जाते. ओतीव मालात ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरावे लागते. ते वाफ होऊन सतत घटत असल्याने प्रक्रिया झालेला रस काही मिनिटांतच साच्यांत ओतावा लागतो; उशीर झाला तर ग्रॅफाइट पुन्हा पापुद्र्यांकडे वळतो आणि माल परत भट्टीत टाकावा लागतो.